अंगठा दिसतो दिवसा, दात सरकतात रात्री

पुण्यात लहान मुलाच्या तोंडात अंगठा दिसला की तो काढायला सांगण्याचा हक्क सगळ्यांना असतो. सोसायटीच्या बाकावरच्या आजी सांगतात, रिक्षावाले काका आरशात बघून सांगतात, लग्नाच्या कार्यालयात पहिल्यांदाच भेटलेली कुणाची तरी मामी सांगते. ‘एवढी मोठी झालीस आणि अंगठा चोखतेस? शी!’ मूल अंगठा काढतं, फ्रॉकला पुसतं आणि मामींची पाठ वळली की पुन्हा तोंडात घालतं. आईचा चेहरा मात्र उतरलेला राहतो, कारण ती ‘शी’ निम्मी आपल्यासाठी होती हे तिला बरोबर कळलेलं असतं.

गंमत अशी, की चारचौघांत दिसणाऱ्या अंगठ्याने दातांचं फारसं बिघडत नाही. दात बिघडवणारा अंगठा रात्री दिवा मालवल्यावर तोंडात जातो आणि कुणाचंही लक्ष नसताना तासन् तास तिथेच असतो. घरोघरी सगळी शक्ती खर्च होते ती दिवसाच्या अंगठ्यावर, कारण तो लोकांना दिसतो. हा हिशेब नीट समजला की काय करायचं आणि काय सोडून द्यायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

मुळात चोखणं हा बिघाड नाही. आईच्या पोटात असतानाच बाळ अंगठा तोंडात घालतं, सोनोग्राफीत ते दिसतंही. ओठांना काही लागलं की चोखायचं, ही उपजत क्रिया नसती तर जन्मल्यावर बाळाला दूध पिता आलं नसतं. पहिल्या काही महिन्यांत मूठ तोंडात कोंबणं हा भुकेचा इशाराही असू शकतो, तेव्हा आधी पाजून बघायचं. पुढे ही उपजत क्रिया ओसरते, पण तोवर बाळाला एक शोध लागलेला असतो. चोखलं की बरं वाटतं, रडू थांबतं, झोप येते, आणि त्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही. स्वतःला शांत करण्याचा हा त्याचा पहिलावहिला उपाय. वडाच्या पानावर पहुडलेला, पायाचा अंगठा तोंडात घातलेला बाळकृष्ण आपल्या कित्येक देवघरांत आहे. त्याला अजून कुणी ‘शी’ म्हटलेलं नाही.

मोठ्यांनी मात्र या सवयीचा बराच धसका घेतलेला आहे. १९०५ साली मनोविश्लेषक फ्रॉइडने तिचा संबंध थेट कामप्रेरणेशी जोडला. १९१४ मध्ये अमेरिकी सरकारच्या बालकविषयक खात्याने आयांसाठी जी पुस्तिका काढली तिच्यात बाळाची बाही बोटांवरून ओढून टाचून टाकायचा सल्ला होता, तोही चांगला काही दिवस आणि रात्री. आज डॉक्टर याकडे शिकलेली सवय म्हणून बघतात. बहुतेक मुलांच्या अंगठ्यामागे दडलेलं दुःख वगैरे काही नसतं. जास्त काळ अंगावर पिणाऱ्या मुलांत ही सवय कमी आढळते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, पण तेवढ्यावरून ‘तू लवकर दूध तोडलंस म्हणून’ असं सुनेला ऐकवू नये. पूर्ण पाजलेली मुलंही मजेत अंगठा चोखतात.

बहुतेक मुलं दोन ते चार या वयात आपण होऊन हे सोडतात. बोलता यायला लागतं, हात खेळण्यांत गुंततात, बालवाडीतली बाकीची मुलं बघतात आणि अंगठा मागे पडतो. म्हणून चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: लक्ष ठेवा, टोकू नका. सारखं टोकलं की एक साधी सवय घरातली सगळ्यात मोठी बातमी होते, आणि आईबाबांचं लक्ष वेधून घ्यायचं हुकमी साधन मुलाच्या हातात येतं. अगदी अक्षरशः हातात.

दात नेमके सरकतात कसे

दात जबड्याच्या हाडात पक्के रोवलेले असतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर एका बाजूने सतत दाब आला की ज्या बाजूला तो ढकलला जातोय तिथलं हाड हळूहळू झिजतं, आणि मागे मोकळ्या पडलेल्या बाजूला नवं हाड भरत जातं. दात सरकतो. तारा लावून दात सरळ करणारे डॉक्टर याच गुणाचा फायदा घेतात. अंगठा तेच काम उलट दिशेने करतो.

आता खरी मेख. या खेळात दाब किती जोराचा यापेक्षा तो किती वेळ टिकतो याला महत्त्व आहे. चिक्की फोडताना दातांवर अंगठ्यापेक्षा कितीतरी जास्त जोर येतो, पण क्षणभरच, त्यामुळे दात जागचे हलत नाहीत. हलका पण तासन् तास टिकणारा दाब मात्र त्यांना हलवतो. शनिवार-सदाशिवातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळाचं रोप रुजलेलं असतं ना, तसं: ते ढकलताना कधी कुणाला दिसत नाही, पण ढकलायचं थांबतही नाही. दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत दिवसाला साधारण सहा तास हा उंबरठा धरतात. टीव्हीसमोर अर्धा तास चुटुक चुटुक आवाज करत जोरात चोखणाऱ्या मुलाच्या दातांना बहुधा काही होत नाही. रात्रभर दातांमध्ये अंगठा ठेवून शांत झोपणाऱ्या मुलाचे दात मात्र पुढे येतात. आवाज करणाऱ्याला ओरडा बसतो, आणि दुसऱ्याला ‘किती गुणी, झोपायला अजिबात त्रास नाही’ असं प्रशस्तिपत्र मिळतं.

अंगठा तोंडात जातो तेव्हा त्याची मऊ बाजू बहुधा टाळूकडे असते. तो वरचे पुढचे दात बाहेर रेटतो आणि खालचे आत दाबतो. शिवाय दोन्ही ओळींच्या मध्ये तो अडसर होऊन बसतो, म्हणून पुढचे दात पुरते खाली-वर येऊन एकमेकांना टेकत नाहीत. दाढा मिटल्या तरी पुढे खिडकी उघडी राहते. घरी बघायचं असेल तर मुलाला काकडीची चकती फक्त पुढच्या दातांनी तोडायला सांगा. खिडकी असेल तर तुकडा तुटत नाही, मूल तो बाजूच्या दातांकडे सरकवतं. गिळताना जीभही त्या फटीतून पुढे येते, आणि काही मुलांचा ‘स’ बोबडा होतो.

दुसरा बदल आरशात चटकन दिसत नाही, पण तो अधिक चिवट आहे. एरवी आपली जीभ टाळूला टेकून असते आणि वरच्या जबड्याला आतून आधार देते. बाहेरून गाल दाबत असतात, आतून जीभ, त्यामुळे जबड्याची कमान नीट रुंद राहते. अंगठा जिभेला खाली ढकलतो. आतला आधार गेला आणि चोखताना गाल तर आणखीच आत ओढले जातात. मग वरची कमान अरुंद होत जाते आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायला लागतात. पुढची खिडकी, सवय वेळेत सुटली तर, बऱ्याचदा आपोआप मिटते. दाढांची ही उलटी बैठक सहसा आपोआप सुधारत नाही.

वेळेत म्हणजे कधी? दुधाचे वीस दात साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत येऊन होतात. सहाव्या वर्षाच्या आसपास पक्के दात यायला लागतात, वरचे पुढचे दोन सात-आठपर्यंत. पक्के दात डोकावायच्या आधी सवय सुटली तर दात आणि हाड दोघांनाही सावरायला वाव असतो. त्यामुळे चार ते सहा हा खरा कामाचा काळ; म्हणजे लहान गट, मोठा गट आणि पहिलीची सुरुवात. तिसऱ्या वर्षीच वरचे दात ठळक पुढे दिसत असतील तर एकदा दाताच्या डॉक्टरांना दाखवलेलं बरं. आपल्याकडे मूल दाताच्या डॉक्टरांची पायरी पहिल्यांदा चढतं ते दाढ ठणकल्यावरच, आणि मग त्या खुर्चीची भीती कायमची बसते ती वेगळीच.

दात सोडून बाकीचं थोडक्यात. सतत ओला राहिल्याने अंगठ्याची कातडी सोलवटते किंवा घट्टा पडतो, नखाच्या कडेला पू होतो. हात तोंडात म्हणजे मातीतले जंतही तोंडात. दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाड्या-शाळांत जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नये. उलट बाजूची एक गोष्टही सांगायला हवी. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारेक मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. त्यांतल्या अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्या मुलांपैकी तेराव्या वर्षी ३८ टक्के मुलांच्या त्वचा-चाचणीत ॲलर्जीकडे कल दिसला. या सवयी नसलेल्यांत तो ४९ टक्के होता. दमा आणि परागज्वर (परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी) यांत मात्र फरक सापडला नाही. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि व्हॉट्सॲपवर ‘अंगठा चोखा, ॲलर्जी टाळा’ असं फिरलं असलं तर नवल नाही. संशोधकांनी असा सल्ला मुळीच दिलेला नाही.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काहीही सुरू करण्याआधी सात दिवस एका कागदावर टिपून ठेवा: अंगठा कधी जातो, कुठे, किती वेळ, आणि त्या वेळी दुसऱ्या हातात काय असतं. शेवटचा प्रश्न फुटकळ वाटतो, पण तो सगळ्यात उपयोगी आहे. खूप मुलांचा अंगठा एकटा जात नाही. दुसऱ्या हाताची बोटं आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीची कड चुरत असतात, नाहीतर आईची ओढणी, स्वतःच्या कानाची पाळी, केसांची बट. एकाने दुसऱ्याला बोलावणं धाडल्यासारखं असतं ते. मानसशास्त्रज्ञांना असं दिसलं आहे की अशा वेळी जोडीदार वस्तू हातात नसली तर अंगठाही बऱ्याचदा आपोआप कमी होतो, अंगठ्याला हातही न लावता. म्हणून गोधडी लगेच माळ्यावर टाकू नका. आधी ती फक्त झोपायच्या खोलीत, मग उशीऐवजी पायथ्याशी, असं सावकाश. ती गोधडी तुमच्या लेखी जुनं कापड असेल, मुलाच्या लेखी नाही.

टिपणातून वेळा लख्ख दिसतील. शाळेच्या व्हॅनमध्ये, मोबाइलवर गाणी बघताना, जेवण झाल्यावर सुस्तीत, आणि अर्थातच दुपारच्या झोपेत. एक ते चार या वेळेबद्दल पुणेकरांना जे ऐकून घ्यावं लागतं त्यात आता अंगठाही जमा करायला हरकत नाही.

मग मुलाशी बोला, पण अंगठा तोंडात असताना नको. आरशासमोर उभं करा, दात मिटायला सांगा, फट दाखवा. ‘इथून अंगठा दातांना ढकलतोय, त्यांना परत यायला मदत करूया का?’ चार-पाच वर्षांच्या मुलाला हे समजतं. मूल ‘नाही’ म्हणालं तर महिना-दोन महिने थांबून पुन्हा विचारा. मुलाच्या मनात नसताना लादलेले उपाय टिकत नाहीत, आणि धाकटं भावंड नुकतंच घरात आलं असेल, घर बदललं असेल किंवा शाळेचा पहिला महिना असेल तर मुहूर्त पुढे ढकलावा हेच उत्तम.

दिवसाच्या अंगठ्यासाठी सगळ्यात जुनी आणि भरवशाची युक्ती म्हणजे हाताला दुसरं काम. अॅझ्रिन आणि नन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सवयी मोडायची जी पद्धत मांडली तिचा गाभा एवढाच: सवय सुरू होतेय हे स्वतःला कळणं, आणि त्या क्षणी तिच्याबरोबर करताच येणार नाही अशी दुसरी कृती करणं. मुलाला शिकवा, अंगठा वर निघाला की तो बाकीच्या चार बोटांत कोंडून घट्ट मूठ करायची आणि वीसपर्यंत मोजायचं. स्वयंपाक चालू असेल तर कणकेचा गोळा हातात द्या. आठवण करून द्यायला ‘काढ तो अंगठा!’ ऐवजी दोघांतच ठरलेला एखादा शब्द असू दे, पाहुण्यांसमोर म्हटला तरी त्यांना न कळणारा. आजी-आजोबांनाही या कटात सामील करून घ्या. एकाने कौतुक करायचं आणि दुसऱ्याने लाजवायचं, असं घरात चाललं तर कौतुक फुकट जातं.

बक्षीस लहान आणि लगेच हवं. कालनिर्णयच्या चौकटीत कोरड्या अंगठ्याच्या प्रत्येक रात्रीला एक टिकली मुलाने स्वतः चिकटवायची. तीन टिकल्या झाल्या की गोष्टीचं पुस्तक आज तू निवड. आणखी काही झाल्या की कात्रजचं प्राणिसंग्रहालय, बुधवार सोडून, त्या दिवशी ते बंद असतं. ‘महिनाभर चोखला नाहीस तर सायकल’ हा करार पाच वर्षांच्या मुलासाठी निरर्थक आहे. महिना म्हणजे किती हे त्याला अजून माहीत नाही.

रात्रीचं काय

झोपलेल्या मुलाला सवय मोडायची शुद्ध नसते, म्हणून रात्री रागावण्याला काहीच अर्थ नाही. रात्रीचा उपाय हाताने करायचा. सुती हातमोजा किंवा स्वच्छ पायमोजा हातावर चढवा, नाहीतर लांब बाह्यांच्या जुन्या शर्टाची एक बाही टोकाला शिवून टाका. अंगठ्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळली तरी तोंडाला तो वेगळा लागतो आणि अर्धवट झोपेत आठवण होते. कोपरावर इलॅस्टिकचा पट्टा सैल गुंडाळतात, म्हणजे हात वाकवायला थोडे कष्ट पडतात. तो घट्ट अजिबात नको, बोटं गार किंवा निळसर वाटली तर लगेच सोडायचा. यातलं काहीही मुलाने आपल्या हाताने चढवलं तर ती मदत होते. धरून चढवलं तर शिक्षा, आणि मग आपण १९१४ च्या त्या टाचलेल्या बाहीपाशीच परत आलो.

हे सगळं नको असेल तर निदान एवढं करा: मूल गाढ झोपल्यावर अंगठा हळूच बाहेर काढा, पुन्हा गेला तर तुम्ही झोपायच्या आधी पुन्हा काढा. सवय याने सुटत नाही, पण तास कमी होतात, आणि दातांच्या दृष्टीने तासच मोजायचे आहेत.

आता कडू उपायांबद्दल, कारण घरात पहिला सल्ला त्यांचाच येतो. मिरची कधीच नाही; तोच हात झोपेत डोळ्याला जातो. कडुनिंबाचं तेल बोटाला लावू नका. ते पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येण्यापर्यंत गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सर्दीचे बामही नकोत, त्यांतल्या कापरानेही मुलांना झटके येऊ शकतात. औषधाच्या दुकानात नखांना लावायचं कडू द्रावण मिळतं, त्यात बहुधा डेनाटोनियम नावाचं द्रव्य असतं, माहीत असलेल्या पदार्थांतल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक. मूल स्वतः ‘मला आठवण राहायला लाव’ म्हणत असेल तर ते चालेल, तेही डॉक्टरांना विचारून. नकळत लावलेल्या कडूपणाला मुलं दोन दिवसांत सरावतात. आईने आपल्याला फसवलं, हे मात्र जास्त दिवस लक्षात राहतं.

तोंडात बसवायची तार

पक्के दात यायला लागले, मुलाला सोडायचं आहे आणि तरी सुटत नाही, अशा वेळी डॉक्टर वरच्या दाढांना कड्या बसवून पुढच्या दातांच्या मागे तारेची छोटी जाळी लावतात. टोचण्यासाठी ती नसते. अंगठा टाळूला नीट टेकत नाही, त्यामुळे चोखण्यातली मजा जाते, इतकंच. सुरुवातीचे काही दिवस लाळ गळते, बोलणं जड होतं, पोळी-भाजी खाताना चिडचिड होते, म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात बसवू नये. सवय सुटल्यासारखी दिसली तरी जाळी आणखी काही महिने ठेवतात. लवकर काढली तर अंगठा परत येतो.

या उपायांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ मध्ये घेतला होता. सहा चाचण्या आणि अडीचशेच्या आसपास मुलं, म्हणजे पुरावा तसा तुटपुंजाच. त्यांतून एवढं दिसलं की काहीच न करण्यापेक्षा तोंडातली जाळीही उपयोगी पडते आणि बक्षीस-प्रोत्साहनाचे मानसिक उपायही. दोन्ही चालत असतील तर सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात तार घालण्याआधी टिकल्यांचा प्रयोग मन लावून करायला काय हरकत आहे? तार लागलीच, तर लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग धनकवडीच्या भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात आहे, कॅम्पातल्या रंगूनवालात आहे, पिंपरीत डी. वाय. पाटीलमध्ये आहे. तिथे जाताना आठवडाभराचं ते टिपण बरोबर न्या. ‘खूप चोखतो हो’ यापेक्षा ‘रात्री दहा ते पहाटे चार, डावा अंगठा’ हे डॉक्टरांना कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

अंगठा सुटून वर्ष झालं आणि मोठं झालेलं मूल अचानक पुन्हा चोखायला लागलं, किंवा चोखताना स्वतःचे केस उपटायला लागलं, तर मात्र दातांच्या डॉक्टरांआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाण्यापूर्वी घरात, व्हॅनमध्ये आणि वर्गात अलीकडे काय बदललं याची चौकशी करा. ताप येऊन गेल्यावर चार रात्री अंगठा परत आला तर घाबरू नका. कालनिर्णयवरच्या जुन्या टिकल्या उपटून काढू नका, पुढच्या कोरड्या रात्रीपासून नवी लावा.